फॅशन पत्रकार व्हायचंय? आधी चप्पल उलटी करून बघ

परवा पत्रकारिता शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, मला मोठ्या फॅशन मासिकात काम करायचंय. इंग्रजी चांगलं आहे, इन्स्टावर फॉलोअर्स आहेत. आणखी काय लागतं?" मी घाईत काहीतरी सांगितलं. तेव्हापासून चुटपुट लागून राहिलीय, म्हणून आज नीट लिहिते.

जून २०२५ मधला प्राडा या महागड्या इटालियन ब्रँडचा मिलानचा शो आठवतोय ना? मॉडेलच्या पायातली कोल्हापुरी आपल्याकडचं शेंबडं पोरही ओळखेल. प्राडाच्या माहितीपत्रकात मात्र नुसत्या चामड्याच्या सँडल. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही, आणि कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव वापरू देणारा कायदेशीर टॅग, मिळालाय २०१९ मध्येच. (तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा मिळून आहे, हे आपणही भांडताना विसरलो.) सोशल मीडियावर लोकांनी आवाज उठवला, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग ही प्रेरणा कोल्हापुरीचीच हे प्राडाने मान्य केलं आणि त्यांची माणसं कोल्हापुरात आली. मला मात्र एकच गोष्ट लागली. ते नाव पहिल्याच बातमीत लिहिणं हे आम्हा फॅशनवर लिहिणाऱ्यांचं काम होतं.

पुढे डिसेंबरमध्ये प्राडाचा इथे चपला बनवून घेण्याचा करार झाला. भारतात बनवलेले २००० जोड, किंमत साधारण ८०० युरो. त्यातले शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार? लक्झरीवर लिहायचं तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

मी स्वतः एका कारागिराकडे नीट बसले तेव्हा नोकरीला सहा वर्षं झाली होती. काकांनी चप्पल उलटी करून हातात दिली. म्हणाले, "वरची वेणी कुणीबी बघतंय, तळ बघा." कुठे खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेली. बाजूचे कान त्यांनी बोटांनी वाकवून दाखवले. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास दिवसभर हाताला होता. त्या दुपारनंतर 'हँडक्राफ्टेड' हा शब्द मी चौकशी केल्याशिवाय लिहिलेला नाही.

या पेशात मिंधेपण फार लवकर येतं. ब्रँड विमानाचं तिकीट काढतो, हॉटेल देतो, निघताना भेटवस्तूची पिशवी हातात ठेवतो. परत येऊन लिहायला बसलं की हात आखडतो. एका मासिकात माझ्या लेखातला भरतकाम करणाऱ्यांच्या मजुरीचा परिच्छेद उडवला गेला. त्याच अंकात त्या ब्रँडची दोन पानी जाहिरात होती. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून टोचतं.

घरचे म्हणतीलच, कपड्यांवर लिहिणं ही कसली पत्रकारिता? त्यांना सांग, वॉशिंग्टन पोस्टच्या रॉबिन गिव्हान यांना २००६ मध्ये फॅशनवरच्याच समीक्षेसाठी पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं.

तर पोरी, फॉलोअर्स राहू देत. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकड, सकाळी कोल्हापूर. तिथल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनमध्ये फिर, मग तिथून कारागिराचं घर गाठ. कातडं कुठून आलं, एका जोडाला किती दिवस गेले, मजुरी किती मिळाली, सगळं विचार आणि वहीत लिहून घे. त्यांचं नावही विचार, नीट शुद्ध लिही. लेख झाला की मला पाठव, रात्री कितीही वाजले तरी वाचेन.