पोहोचली म्हणजे झालं?

पुन्हा तेच! वडिलांची जुनी पद्मिनी गाडी गॅरेजमधून रंगकाम करून परत आली, बॉनेट उघडलं आणि डोकंच फिरलं. पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्याला, खेटून! मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये नळीतच पेट्रोलची वाफ होणार आणि गाडी भर रस्त्यात बंद पडणार. मग सगळे म्हणणार, जुन्या गाड्या अशाच.

अशाच नसतात हो! स्पीडोमीटरची केबल मोठ्या गोल वळणानेच न्यावी लागते. मुडपली की आतली तार अडखळते, काटा थरथरतो आणि एक दिवस तार तुटते. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात रबराचं ग्रोमेट (कडेला बसवायचं कडं) नसेल, तर पत्र्याची धार वायरीचं कव्हर रोज थोडं थोडं सोलत राहते. शॉर्ट होऊन गाडी पेटू शकते! आणि पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या रबरी नळ्या? स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून त्या कुठे घासत नाहीत ना, एवढंही कुणी पाहिलं नाही.

वर गॅरेजवाले विचारतात, ‘‘पोहोचली ना केबल, साहेब?’’ पोहोचली, पण कुठून नेलीत? खोलण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा म्हणून हात जोडले होते. एकही काढला नाही. आता डॅशबोर्ड परत खोलायचा. तिसऱ्यांदा.