लघवीची पट्टी रक्ताचं आम्ल मोजत नाही

‘सकाळच्या लघवीत पीएच पट्टी बुडवा. ७ च्या खाली आलं तर शरीर आम्लधर्मी झालंय, कॅन्सरला आमंत्रण. रोज खायचा सोडा घ्या.’ हा संदेश चुकीचा आहे.

पीएच म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो. फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडं जादा आम्ल लघवीवाटे काढतात. म्हणूनच लघवीचा पीएच साधारण ४.५ ते ८ असा हलतो. सकाळी ५.५ किंवा ६ येणं नेहमीचंच, मूत्रपिंडं काम करताहेत एवढंच त्यातून कळतं. रक्तातलं आम्ल बघायचं तर धमनीतलं रक्त घेऊन एबीजी तपासणी करतात.

पट्टीचं वाचनही सहज चुकतं. लघवी तासन्‌तास ठेवली की जंतू युरियाचा अमोनिया करतात आणि आकडा चढतो. डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या दमटतात. रंग डबीवर दिलेल्या वेळेलाच जुळवायचा. उलट, सतत ८ च्या आसपास आकडा येणं हे मूत्रसंसर्गाचं लक्षण असू शकतं!

सोड्याने लघवी अल्कधर्मी होते, पण चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो स्वतःहून घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

लघवीच्या पीएचचा खरा उपयोग युरिक ॲसिडच्या मूतखड्यांत होतो. तिथे डॉक्टर औषध देऊन तो मुद्दाम ६ च्या वर ठेवतात.