डुकराची काळजी

‘जिसुल’ हा कोरियन चित्रपट संथ आहे, गुहेतल्या गप्पा लांबल्यात, असं त्याच्यावरच्या लेखात म्हटलंय. मला त्या गप्पांनीच धरून ठेवलं. १९४८ सालचं दक्षिण कोरियातलं जेजू बेट, तिथे सरकारविरुद्ध बंड झालेलं. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला जो सापडेल तो बंडखोर, असा हुकूम निघालेला. गावकरी गुहेत लपतात आणि दोन-चार दिवसांत परत जाऊ म्हणतात. एकाला तर घरी राहिलेल्या डुकराला खायला कोण घालेल याचाच घोर लागलेला! आपल्याकडे गोठ्यातली म्हैस सोडून पाहुण्यांकडे एक रात्रही न राहणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना तो माणूस लगेच ओळखू येईल. बंड काय, सरकार काय, त्याला कशाचंच देणंघेणं नाही.

जिसुल म्हणजे जेजूच्या बोलीत बटाटा. चालता येत नाही म्हणून मागे राहिलेल्या म्हातारीकडचे बटाटे मुलगा गुहेत घेऊन येतो, सगळे वाटून खातात. तिचं काय झालं ते आपल्याला माहीत असतं, खाणाऱ्यांना नाही. मला तो प्रसंग बघवेना, थोडा वेळ थांबवून बसलो.

आणखी एक, लेखात हे यायला हवं होतं. त्या हिंसाचारात २५ ते ३० हजार माणसं गेली असा अंदाज आहे आणि दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती थेट २००३ मध्ये. तोवर घरच्यांना उघडपणे रडायचीही चोरी होती. मग दिग्दर्शकाने पितरांच्या विधीसारखी चित्रपटाची मांडणी का केली, ते कळतं.