दम असला की माणूस वर येतोच?

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, खेळात जात कशाला आणता, ज्याच्यात दम आहे तो आपोआप वर येतो. मी ओहायोत अ‍ॅक्रनला राहतो, त्यामुळे मला दरवेळी इथला फ्रिट्झ पोलार्डच आठवतो.

1920 साली शेजारच्या कँटनमध्ये अमेरिकन फुटबॉलची प्रोफेशनल लीग निघाली, तीच आजची एनएफएल. पहिल्याच सीझनला अ‍ॅक्रन प्रोज एकही मॅच न हरता चॅम्पियन, आणि त्यांचा स्टार पोलार्ड, कृष्णवर्णीय, अंगाने किरकोळ. पुढच्या वर्षी तो खेळायचा पण आणि कोच पण होता. तो खाली पडला की समोरचे मुद्दाम अंगावर उड्या टाकायचे, म्हणून हा पडल्या पडल्या पाठीवर वळून पाय झाडायला लागायचा, मग कोण जवळ येतंय! गावाला जिंकून देणारा माणूस, पण कपडे बदलायचा टीमच्या मालकाच्या सिगारच्या दुकानात, बाकीच्यांबरोबर नाही.

बरं, त्याने दार उघडलं म्हणावं तर 1934 ते 1945 लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि पुढचा कृष्णवर्णीय हेड कोच, आर्ट शेल, यायला 1989 उजाडलं. मधल्या साठेक वर्षांत लायक माणूसच नव्हता असं कोणी छातीठोकपणे सांगेल का?

आपल्याकडे पालवणकर बाळू, चांभार समाजातले क्रिकेटर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट्स घेतल्या, पण त्याआधी पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. बॉलिंग चालत होती हो, कॅप्टनशिप मात्र शेवटपर्यंत दिली नाही. भाऊ विठ्ठल 1923 मध्ये हिंदू टीमचा (तेव्हा मुंबईच्या स्पर्धेत धर्मानुसार टीम असायच्या) कॅप्टन झाला तो सुद्धा बऱ्याच भांडणांनंतर. खेळायला घेणं वेगळं आणि चारचौघांनी त्याचा हुकूम ऐकणं वेगळं, खरी अडवणूक तिथे होते, आणि तिथे विकेट्स मोजून काही होत नाही.

एनएफएलने 2003 मध्ये नियम केला, हेड कोच नेमताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराचा इंटरव्ह्यू घ्यायचाच. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे पटतं, कारण ऑफिसात प्रमोशनला डावललं की रंग आठवतो आणि आपण एचआरकडे जातो, जायलाच पाहिजे, पण तीच माणसं संध्याकाळी पुण्यातल्या भावाला फोनवर सांगतात की आता जात कुठे राहिलीय. मला हे असं दोन्हीकडे दोन बोलणं जमत नाही, ग्रुपवर कोणी रागावलं तरी चालेल.