आवाज नाही म्हणजे ड्रायव्हर नाही? एका फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: लिनक्सवर आवाज गेला म्हणजे ड्रायव्हर नाही. पल्सऑडिओ (प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत नेणारा सर्व्हर) उडवा, स्वतःला सिस्टिमच्या ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये (साऊंड कार्ड वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) टाका, प्लेअर सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याने, चालवा, तरी नाही जमलं तर फॉरमॅट मारा.

आधी ड्रायव्हरचं बघू. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला ड्रायव्हर म्हटलं की मदरबोर्डसोबतची सीडी आठवते. लिनक्समध्ये बहुतेक साऊंड कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात. अल्सा ही साऊंड ड्रायव्हरांची व्यवस्था २००३ च्या २.६ कर्नलपासून तिथेच आहे. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘एप्ले’ पुढे डॅश आणि छोटा एल टाका. यादीत तुमचं कार्ड दिसलं, की ड्रायव्हर चढलेला आहे. विषय संपला.

मग आवाज जातो कुठे? खरी गंमत इथे आहे. त्या यादीत बहुतेक वेळा दोन वाटा दिसतात, एक एचडीएमआय आणि दुसरी अ‍ॅनालॉग, म्हणजे मागचा हिरवा जॅक. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घरी आणायचा आणि त्याला एचडीएमआयने मॉनिटर जोडायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. सिस्टिम इमानदारीने आवाज मॉनिटरकडे पाठवते आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो! सेटिंगमध्ये साऊंडखाली आउटपुट बदललं की काम झालं.

तेही बरोबर असेल तर टर्मिनलमध्येच ‘अल्सामिक्सर’ उघडा आणि एफ-सिक्स दाबून आपलं कार्ड निवडा. उभ्या पट्ट्या दिसतील. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर तो मार्ग बंद आहे. बाणाने तिथे जाऊन एम दाबा. उजवीकडे सरकत गेलं की काही कार्डांवर ‘ऑटो-म्यूट’ सापडतं. पुढच्या जॅकला हेडफोन लागला की मागचे स्पीकर बंद करणं, एवढंच त्याचं काम. भुसावळच्या एका दोस्ताचा फोन आला होता, “भो, आवाजच ई नई ऱ्हायना!” पुढच्या जॅकमध्ये धूळ बसून आतली पत्ती अडकली होती आणि कार्डाला वाटत होतं हेडफोन लावलेलाच आहे. ऑटो-म्यूट बंद केलं, स्पीकर वाजले. गडी तोवर फॉरमॅटसाठी पेनड्राइव्ह तयार करून बसला होता.

पल्सऑडिओ उडवायचा सल्ला तर उलटा अंगाशी येतो. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत अनुक्रमे २२.१० आणि ३४ या आवृत्त्यांपासून मुळात पल्सऑडिओच्या जागी आलेलं पाइपवायर चालतं. टर्मिनलमध्ये ‘पॅक्टल इन्फो’ विचारलं की सर्व्हरच्या नावात आधी पल्सऑडिओ दिसतं आणि कंसात ‘ऑन पाइपवायर’. लोक कंसापर्यंत वाचतच नाहीत. जुन्या सिस्टिमवर पल्सऑडिओ खरंच असतं, पण तिथे ते काढलं तर मोझिलाने दिलेला फायरफॉक्स मुका होतो, कारण २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीपासून त्याला पल्सऑडिओ लागतं.

ऑडिओ ग्रुपची आता गरज उरलेली नाही. लॉगिन केलेल्या माणसाला साऊंड कार्डाची परवानगी सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) आपोआप देतं.

सुडोचं मात्र मला खटकतं. आवाजाचा सर्व्हर तुमच्या लॉगिनमध्ये, तुमच्या नावाने चालतो. रूट म्हणून प्लेअर चालवला की त्याला तो सर्व्हर सहसा सापडतच नाही. वर घरच्या फोल्डरातल्या पल्सच्या फायली कधीकधी रूटच्या मालकीच्या होऊन बसतात आणि उद्या साधा प्लेअरही अडतो. म्हणजे एक दुखणं घालवायला गेलो आणि दुसरं घरात घेतलं.

फॉरमॅटच्या आधी पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या आवाजाच्या तिन्ही सेवा टर्मिनलमधल्या ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘युजर’ जोडून रीस्टार्ट करा. तरी नाही, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, मशीन चालू करून बघा. तिथे आवाज आला तर कार्ड ठणठणीत आहे, बिघाड सेटिंगात आहे.

मेसेजवाल्याच्या बाजूने बोलायचं तर एकच जागा आहे. नव्या इंटेल लॅपटॉपांपैकी बऱ्याच जणांना साऊंड ओपन फर्मवेअर, म्हणजे आवाजाच्या चिपमध्येच चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. ते नसेल तर आउटपुटमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं. तिथे खरंच काहीतरी कमी असतं, पण ते फर्मवेअर, ड्रायव्हर नव्हे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ नावाचं पॅकेज टाकून मशीन रीस्टार्ट करा.