पारदर्शक कॅबिनेटची पारख

सिनेमे बघायला टीव्हीखाली कॉम्प्युटर ठेवायचं ठरलंय ना? मग त्याचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, पारदर्शकच घ्या. जाणकार सांगतील की हॉलमधला कॉम्प्युटर दिसू नये आणि ऐकूही येऊ नये. त्यांच्याकडे शोकेस नसणार. तुमच्याकडे आहे. एकदाही चहा न पाहिलेला बोनचायनाचा टी-सेट ज्या घराने तीस वर्षं काचेआड जपला, त्याला चार पंखे आणि एक मदरबोर्ड काचेआड ठेवणं जड जाऊ नये.

खरेदीला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या तपकीर गल्लीतच जा. गाडी लावायला जागा मिळाली तर तो शुभशकुन मानून मोठं कॅबिनेट घ्या. नाहीच मिळाली, तर मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मदरबोर्डाचं, घ्या. त्याचा बोर्ड जेमतेम १७ बाय १७ सेंटिमीटरचा, भाजीच्या पिशवीतून येतो. दुकानात ‘जरा आतून दाखवता का?’ असं मात्र विचारू नका. मी विचारलं होतं. मालकांनी बिलबुकातून मान वर न काढता उत्तर दिलं, ‘पारदर्शक आहे. दिसतंय ना, तेच आत आहे.’

टफन्ड काच की अ‍ॅक्रिलिक, यात फार डोकं घालवू नका. काचेवर सहसा चरे पडत नाहीत. तिचा कोपरा फरशीला लागला तर एकदम चुरा होतो, म्हणजे निकाल लवकर लागतो. अ‍ॅक्रिलिकचं दुखणं रेंगाळणारं, म्हणून ते संसारी माणसाला जास्त मानवतं. त्यातून सुमारे ९२ टक्के उजेड आरपार जातो, पण पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तुम्ही फडकं घेता. कोरड्या फडक्याने जितकं घासाल तितकी त्यावर स्थिर वीज साठते आणि रस्त्यावरची धूळ जणू आमंत्रण मिळाल्यासारखी येऊन बसते. मग काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारता, आणि हळूहळू अ‍ॅक्रिलिकवर जुन्या कपबशीसारखी बारीक चिरांची जाळी उमटायला लागते. यावर उपाय एकच: दोन्ही बाजूंनी चिकटवून आलेली संरक्षक फिल्म काढायचीच नाही. टीव्हीचा रिमोट आपण त्याच्या मूळ पिशवीत ठेवतोच की! फिल्म फार दिवस राहिली की धड निघतही नाही, त्यामुळे काढावी की नाही हा प्रश्नही सुटतो.

उष्णतेची काळजी पंख्यांवर सोडा. अ‍ॅल्युमिनिअम उष्णता वाहून नेतं त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकीही अ‍ॅक्रिलिक नेत नाही. तेव्हा पंखे वाढवा. पंखे घोंघावू लागले की टीव्हीचा आवाज वाढवा. साधारण दहा डेसिबल वाढले की कानाला दुप्पट वाटतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना दुपारी दीड वाजता आयता सिनेमा ऐकायला मिळतो. ते आभार मानायला वर येतील. दार उघडू नका.

पत्र्याच्या डब्यात अडकणाऱ्या विद्युतलहरीही इथे मोकळ्या सुटतात. शेजारी आईचा मिडियम वेव्हचा रेडिओ असेल तर बातम्यांमागे तंबोरा लागतो. आमची आई म्हणाली, ‘स्टेशनने बदललेलं दिसतंय काहीतरी.’ आम्ही हो म्हणालो.

एक गुण खरा आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवतो. रिमोटचे इन्फ्रारेड किरण या भिंतीतून आत जातात, त्यामुळे रिसिव्हर बाहेर लोंबत ठेवावा लागत नाही. बाकी सगळं लोंबतं, आणि दिसतं.

टिकाऊपणाची शंका असेल तर इतिहास बघा. अ‍ॅपलने २००० साली स्वच्छ अ‍ॅक्रिलिकच्या आवरणातला, बिनपंख्याचा ‘पॉवर मॅक जी४ क्यूब’ काढला आणि २००१ च्या जुलैत त्याचं उत्पादन थांबवलं. म्हणजे वर्षभर तरी हौस पुरते.

आता कॅबिनेटच्या आतलं रंगीबेरंगी लायटिंग. ते बंद करता येतं, पण मग जास्तीचे पैसे कशाला मोजले? पडद्यावर काळोख्या विहिरीचा प्रसंग आणि खाली गणपतीची आरास, असा दुहेरी कार्यक्रम एका तिकिटात होतो. आमच्याकडे अशाच एका प्रसंगात, खुनी कोण हे कळायच्या बेतात असताना, ग्राफिक्स कार्डावरून एक झुरळ निघालं. आधी गुलाबी झालं, मग हिरवं, मग निळं. रॅमपाशी थांबून त्याने मिशा हलवल्या. घरातल्या पाचही जणांनी पॉपकॉर्न खाली ठेवले. ते पॉवर सप्लायमागे गेलं तोवर खुनी पकडलाही गेला होता. कोण होता, ते कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर कॅबिनेटवर आईने विणलेलं क्रोशाचं आच्छादन. मिक्सरवर असतं तसंच, झालरीसकट. वरचा पंखा नेमका त्याखाली.

‘अगं, हे पारदर्शक आहे!’

‘म्हणूनच. केवढी धूळ दिसते त्यात! आणि डोळ्यांवर उजेड येतो तो वेगळाच.’

तुम्हीही एक विणून घ्या. पाहुणे आले की उचलून दाखवायचं, पाहुणे गेले की पुन्हा घालायचं. फक्त सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत झालर जरा वर खोचून ठेवा, नाहीतर आतला पारा चढून कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो.