पट जिन्याखाली मांडा

कॉलेजात बुद्धिबळाचा क्लब सुरू करू पाहणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आणि पोरापोरींना माझी एक कळकळीची विनंती आहे. उद्घाटन करू नका. दीपप्रज्वलन, पाहुणे, शाल-श्रीफळ, काही नको. दोन पट घ्या आणि जिथून सगळं कॉलेज येतं-जातं तिथे मांडून बसा.

मी तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवतो. आधीच्या कॉलेजात आम्ही क्लब थाटात सुरू केला होता. पाहुण्यांनी पहिली चाल केली, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी पटांचा गठ्ठा जिमखान्याच्या कपाटात गेला. किल्ली एकाच माणसाकडे. तो मैदानावर असला की किल्लीही मैदानावर. पोरं दोनदा आली, कुलूप बघून गेली, तिसऱ्यांदा आली नाहीत. पुढे कपाट उघडायचं ते आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आठवड्यावर आली की. दोन तासांत निवड चाचणी उरकायची आणि ज्यांना घरून, क्लासमधून खेळ येत होता तेच संघात जायचे. त्यात कॉलेजने कुणाला काय शिकवलं? मला त्याचा आजही राग येतो.

आताच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या जिन्याखाली दोन टेबलं आहेत. दर गुरुवारी एक ते साडेतीन आम्ही तिथे असतो. परीक्षा असो, पाऊस असो, दोनच जण असोत, पट मांडलेला असतो. प्रचार म्हणाल तर एवढाच. पुस्तक बदलायला आलेला मुलगा पायरीवर थबकतो, कुणाचा तरी वजीर मरताना बघतो आणि त्याच्या तोंडून “अरे!” निघतं. तो पुढच्या गुरुवारी येतोच.

वेळेबद्दल मुद्दाम सांगतो. आमच्याकडच्या बऱ्याच मुली आसपासच्या गावांतून येतात. पावणेचारची एसटी चुकली तर पुढची थेट सहाला. क्लब चार वाजता ठेवला असता तर एकही मुलगी आली नसती, आणि मग आम्हीच म्हणालो असतो की मुलींना बुद्धिबळात रस नसतो. ज्या महाराष्ट्रात वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४पासून दहा वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही, तिथे हे वाक्य ऐकलं की जिवाला लागतं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या स्पर्धेत उतरली तर केवढा गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की स्त्रियांना अडवता येणार नाही. एवढी लढाई होऊन गेल्यावर आपण पोरींना एसटीच्या वेळेवर हरवायचं का?

२०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. वय १९, म्हणजे आमच्या एसवायच्या मुलींएवढी. अभिनंदनाचे फ्लेक्स जागोजागी लागले. लागायलाच हवेत. पण एका फ्लेक्सच्या खर्चात पट आणि सोंगट्यांचा एखादा संच सहज येतो, हेही कुणीतरी बोलायला हवं.

त्याच सुमारास एक मुलगी तीन गुरुवार नुसती उभी राहून बघायची. पाठीवरची सॅकही उतरवायची नाही. चौथ्या गुरुवारी एक मुलगा पाणी प्यायला उठला तेव्हा तिने हळूच विचारलं, “सर, राजाला एकदा घोड्याची चाल असते ना?” मी म्हटलं, “कुणी शिकवलं गं?” तर आजोबांनी. ते देशी पद्धतीने खेळायचे, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. आजोबा गेले आणि पट माळ्यावर गेला. आताच्या नियमांत राजाला घोड्याची चाल नाही, म्हणून मी तिला किल्लेकोट दाखवला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे. तिने राजा-हत्तीची ती चाल स्वतःच्या हाताने चार वेळा करून पाहिली आणि सॅक खाली ठेवली.

अशी नवखी पोरं टिकवणं हेच क्लबचं खरं काम. त्यांना पळवून लावतात ते बहुतेक वेळा आपलेच चांगले खेळाडू. पहिल्या दिवशी चार चालींत मात खाल्लेला पोरगा परत येत नाही. म्हणून आमच्याकडे अख्ख्या डावासाठी तरबेज खेळाडूला घड्याळावर तीन मिनिटं आणि नवख्याला दहा. डाव संपला की दोघांनी मिळून सोंगट्या पुन्हा मांडायच्या आणि कुठे चुकलं ते शोधायचं. आधी हरलेल्याने बोलायचं. हा एक नियम मी कुणालाही मोडू देत नाही.

स्पर्धा घ्या, जरूर घ्या, पण बाद पद्धतीने नको. पहिल्याच फेरीत निम्मी पोरं घरी जातात. सोळा जणांनी सगळ्यांशी खेळायचं तर पंधरा फेऱ्या होतात, तेवढा वेळ कुणाला नसतो. स्विस पद्धतीने पाचात काम होतं आणि हरलेल्याला पुढच्या फेरीत साधारण त्याच्याच गुणांचा भिडू मिळतो. शेवटच्या फेरीपर्यंत हॉल भरलेला राहतो.

“हल्ली सगळे मोबाईलवरच खेळतात, पट कशाला?” असं स्टाफरूममध्ये नेहमी विचारतात. मोबाईलवर खेळू द्या की! लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप तर पूर्ण फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. आमच्या पोरांनी त्यावर कॉलेजची टीम केली आहे, सुट्टीत तिथेच भेटतात. पण हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, हे मोबाईल शिकवत नाही. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, हेही पटावरच कळतं. आणि समोरच्याचा श्वास रोखलेला दिसतो तोही पटावरच.

जुलैपासून आम्ही पुन्हा बसतोय. आता सात पट आहेत, टेबलं पुरत नाहीत, पोरं पायऱ्यांवर मांडतात. एका संचातलं पांढरं प्यादं हरवलंय, त्याच्या जागी खडूचा तुकडा उभा असतो. शेवटच्या घरात पोचला की त्याचाही वजीर होतो. तुमच्या माळ्यावर जुना पट पडून असेल तर द्या, एखादी सोंगटी कमी असली तरी चालेल. घड्याळ मिळालं तर फारच बरं होईल. आमच्याकडे दोनच आहेत, आणि मार्चमधल्या शेवटच्या गुरुवारी बावीस जण आले होते.